भिंतीवरचा नान

आमच्या मेलबर्नजवळच्या वेरिबीच्या मराठी ग्रुपवर परवा एका सहलीचं पोस्टर आलं. लाल खडकांची उभी घळ, घळीच्या तोंडाशी मातीचं बैठं घर, आणि घरापुढे रंगीत झग्यांतल्या चार मुली हात वर करून नाचताहेत. खाली मजकूर होता, 'पर्वतातील घळ-उद्यान व उइगूर लोकसंस्कृतीचे दर्शन. पारंपरिक घरात फोटोची सोय. जैन जेवण मिळेल.' त्याखाली लगेच डोळ्यांत बदाम असलेले पिवळे चेहरे उगवायला लागले. कुणीतरी मला टॅग करून विचारलं, "तू येतेस का गं? धमाल येईल!"

मी लिहिलं, "त्या घरात मी तिकीट काढून जाणार नाही. ते माझ्या ओळखीच्या बाईचं घर आहे."

 मग आतल्या खोलीतून मंदारचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, आवाज आला, "अगं, काय लिहून बसलीस हे?" जे खरं ते लिहिलं होतं. खरं लिहिलं की लोकांना वाटतं बाईचं बीपी वाढलंय.

त्या बाईला मी इथे पातिगुल म्हणणार आहे. हे तिचं खरं नाव नाही. पुढे तिच्या बहिणीचं आणि गावाचं नाव येईल, तेही खरं नाही. तिनेच तशी तंबी दिली आहे, आणि तिची तंबी मोडायची माझी छाती नाही.

तेव्हा आम्ही सिडनीत, स्कोफिल्ड्सला राहत होतो. मी वेस्टमीडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. सकाळच्या शिफ्टला घरापासून स्टेशनपर्यंत बस आणि पुढे ट्रेन. एका सकाळी मी बसमध्ये चढले, कार्ड टॅप केलं, कानात गाणी होतीच, जागा पकडून बसले. बस हलेना. कानातलं काढलं तर ड्रायव्हरबाई आरशातून आम्हां सगळ्यांकडे बघत होत्या.

"गुड मॉर्निंग," बाई म्हणाल्या.

 जो तो फोनमध्ये.

"गुड मॉर्निंग," बाई पुन्हा म्हणाल्या. "ही बस आहे, लिफ्ट नाही. लिफ्टमध्ये माणसं गप्प असतात."

मागून एक बांधकामवाला गोरा खणखणीत आवाजात म्हणाला, "मॉर्निंग, लव्ह!" आणि मग अख्ख्या बसने, आयटीतल्या तेलुगू पोरांपासून ते माझ्यापर्यंत, शाळेतल्यासारखं एका सुरात गुड मॉर्निंग म्हटलं. मगच बस सुटली. नंतर कळलं की बाई पूर्वी आपल्या मुलखात शाळेत गणित शिकवत होत्या, त्यामुळे वर्ग शांत झाल्याशिवाय फळ्याकडे वळायचं नाही ही सवय हाडात मुरलेली होती.

हीच पातिगुल. दिसायला ठेंगणी, रुंद खांद्यांची, पन्नाशीतली. समोरच्या दोन दातांत अशी फट, की हसली की आधी ती फटच दिसायची. तिच्या गावात म्हणे फटीच्या दाताची बाई नशीबवान समजतात. "मग आहेस का तू?" मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "अजून निकाल लागायचाय."

आणि डोक्यावर डोप्पा. पश्चिम चीनमधल्या उइगूर लोकांची चौकोनी भरतकामाची टोपी असते, ती. हिची हिरव्या मखमलीची होती, बदामाच्या आकाराची पांढरी नक्षी असलेली. डेपोच्या मॅनेजरने सांगितलं, ही टोपी युनिफॉर्ममध्ये बसत नाही, कंपनीची कॅप घाल. दुसऱ्या दिवशी हिने कंपनीची कॅप घातली आणि तिच्यावर डोप्पा चढवला. मॅनेजर बघतच राहिला. ही म्हणाली, "युनिफॉर्म पूर्ण आहे. वरचं माझं आहे." आठवडाभर ती अशी दोन टोप्या घालून बस चालवत होती. लहान मुलं खिदळायची, त्यांना ती हात करायची. शेवटी मॅनेजरच म्हणाला, बाई, ती खालची काढ.

योगायोग असा की ती आमच्या मागच्याच घरात राहायला आली. मधे एक लाकडी कुंपण. ती मला 'सिंगलिम' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. तिला 'आचा' म्हणायचं, म्हणजे आक्का, हे तिने मला पहिल्याच दिवशी बजावलं. तिचं इंग्रजी तुटक पण ठाम होतं, आणि हिंदी सिनेमे बघून शिकलेलं हिंदी तिला नको तिथे आठवायचं. मांजर कुंपणावरून पडलं तरी ती म्हणायची, "हे भगवान, ये क्या हो गया!" तिचं बोलणं मी इथे मराठीत मांडतेय, पण त्याची चव इंग्रजी-हिंदीच्या त्या खिचडीत होती.

मागच्या अंगणात तिने स्वतःच्या हाताने मातीचा तंदूर घातला होता. त्याला त्यांच्याकडे तोनूर म्हणतात. शनिवारी सकाळी त्यात लाकडं पेटायची. आतल्या भिंतीवर मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा आणि गोल नान थापायचे. कडेला जाड, मधे पातळ, मधोमध पिसांच्या टोचणीने काढलेली फुलं, वर तीळ आणि कांदा. त्या वासाने आमच्या गल्लीतले डाएटवाले लोक खिडक्या लावून घ्यायचे.

धूर मात्र व्हायचा, आणि वारा असला तर तो थेट गोगटे काकांच्या अंगणात जायचा. काका पुण्याचे, बँकेतून निवृत्त होऊन मुलाकडे आलेले. त्यांच्या अंगणात नातवाचं ट्रॅम्पोलिन होतं आणि उन्हाळ्यात त्यावर काकूंचे उडदाचे पापड वाळत पडायचे. एका शनिवारी पापडांना धुराचा वास लागला. काकांनी कौन्सिलला पाठवायला इंग्रजीत लांबलचक तक्रार लिहिली. पण काकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे तक्रार पाठवायच्या आधीच गल्लीभर झाली होती.

पातिगुल आचा ऐकून उठली, एक गरम नान फडक्यात गुंडाळला आणि काकांची बेल वाजवली. मी कुंपणाआडून बघत होते.

"तुम्ही माझ्याविरुद्ध लिहिलंय म्हणे."

काका गोंधळले. "हो, म्हणजे... आपला धूर, मॅडम, आमचे पापड..."

"उपाशी पोटी लिहू नका. आधी खा. मग काय लिहायचं ते लिहा."

काकूंनी ठेचा आणला. नान संपेपर्यंत तिघं ओट्यावर बसून होती. तक्रार काही गेली नाही. पुढच्या शनिवारी काकूंचे पापड त्याच तोनूरच्या निखाऱ्यांवर भाजले जात होते, आणि काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की खरा पापड असाच भाजायचा असतो.

एकदा आम्ही तिला ब्लू माउंटन्सला घेऊन गेलो. कठड्यापाशी ही गर्दी. समोर निळसर धुकं भरलेली खोल दरी आणि डावीकडे ते तीन सुळके, ज्यांना इथे तीन बहिणी म्हणतात. आम्ही आलटून पालटून फोटो काढत होतो. आचा मात्र दरीकडे पाठ करून माहितीचा बोर्ड वाचत उभी होती. ही जमीन मूळची कुठल्या आदिवासींची, ते त्यावर लिहिलं होतं. तिने तो दोनदा वाचला.

"इथे निदान नाव लिहिलंय," ती म्हणाली. "उशिरा का होईना, लिहिलंय."

मग आम्ही गवतावर बसलो. जेवणाआधी तिने बाटलीतलं पाणी प्रत्येकाच्या हातावर तीन वेळा घातलं. मंदारने हात झटकले, तर त्याच्या मनगटावर चापट बसली. त्यांच्यात हात झटकत नाहीत. पाण्याचे शिंतोडे दुसऱ्याच्या अन्नावर उडणं हा अपमान. पुसायचे, नाहीतर वाळू द्यायचे. मंदार बिचारा हात समोर धरून वाळवत बसला, आणि तिथे, त्या गवतावर, तिने आम्हांला ओरुकबागची गोष्ट सांगितली.

ओरुकबाग म्हणजे जर्दाळूची बाग. चीनच्या पार पश्चिम टोकाला, डोंगरांच्या पायथ्याशी. गावामागे लाल खडकांची घळ, इतकी अरुंद की काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. उन्हाळ्यात तिथे वाहत्या पाण्यात कलिंगडं गार करत ठेवायची. तिचं घर घळीच्या तोंडाशीच होतं. आई, ती आणि धाकटी मेहरिगुल. पुढे सरकारने घळीचं उद्यान केलं, फाटक बसवलं, तिकीट लावलं. गावातली बरीच घरं हलवली, पण हिचं घर जुनं आणि देखणं म्हणून ते 'लोकसंस्कृतीचं घर' झालं. हे सगळं ती इकडे आल्यावर झालं. मेहरिगुलने फोनवर तुकड्यातुकड्याने सांगितलं तेवढंच.

"आमच्या गावात," ती म्हणाली, "कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की त्या दिवशीच्या नानचा एक घास चावून घ्यायचा. हाताने तोडायचा नाही, दातांनी. उरलेला नान दोऱ्याने भिंतीवर टांगायचा. गेलेल्या माणसाने परत येऊन तो संपवायचा. दर वर्षी नवरोजला, म्हणजे नव्या वर्षाला, घरातल्या बाईने जुना दोरा काढून नवा बांधायचा. नवा दोरा म्हणजे, आम्ही वाट बघतोय."

"आणि तुझा?" मी विचारलं.

"आहे ना. आईने पांढऱ्या सुताने टांगला." फटीतून जीभ दाखवत ती हसली. "एवढा मोठा घास घेतला होता मी. आई म्हणाली, अगं, परत आलीस की काय खाशील?"

आई गेली. ते तिला ज्या फोनवर कळलं, तोच मेहरिगुलचा शेवटचा फोन. मेहरिगुल म्हणाली, "आचा, आता फोन करू नकोस. इथे सगळं छान आहे." त्यानंतर तो नंबर लागला नाही. तिकडच्या कुणाचाच लागला नाही. परदेशात नातेवाईक आहेत एवढ्यावरूनही सरकार तिकडे माणसं उचलत होतं.

"माझ्या बहिणीला गुलाबाच्या फुलातसुद्धा खोट दिसते," आचा म्हणाली. "ती 'सगळं छान आहे' म्हणाली, तेव्हाच मला कळलं."

मग ती उठली, कठड्यापाशी गेली, डोक्यावरचा डोप्पा सरळ केला आणि दरीत तोंड करून जीव खाऊन ओरडली, "मेहरिगुल!" दरीने ते नाव परत दिलं. तिने पुन्हा हाक मारली. सेल्फी काढणारे लोक थबकले. एका पर्यटकबाईंनी आपल्या मुलीला जवळ ओढलं. मला, खरं सांगते, लाज वाटली. आपण मध्यमवर्गीय माणसं, चारचौघांत मोठ्याने रडायचीही चोरी. पण ती परत आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता, आणि तिने मला विचारलं, "पुदिन्याची चटणी कुठे ठेवलीस?"

सिडनीतल्या तिच्या लोकांना तिची काळजी वाटायची. एकदा त्यांच्यातली दोन वडीलधारी माणसं तिच्या घरी आली. मीही तिथे चहा पीत होते. दोघं फार मायेने बोलत होती. नंतर आचाने मला सांगितलं काय बोलणं झालं ते. त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं काही कळलं नाही, आता मन घट्ट कर, मेहरिगुलच्या नावाने नझीर घाल. नझीर म्हणजे आपल्याकडच्या श्राद्धाच्या जेवणासारखं. नान-पुलाव करून लोकांना जेवायला घालायचं आणि गेलेल्यासाठी दुवा मागायची. म्हणजे तिलाही शांती, तुलाही.

आचाने त्यांना पुन्हा चहा ओतला आणि म्हणाली, "मेली हे ज्याला माहीत आहे, त्याने येऊन माझ्या तोंडावर सांगावं. कुठे, कधी, कुणी मारली, ते सांगावं. मग मी नझीर घालीन. सरकारने न सांगता माणूस गिळायचा आणि रडायचं काम आम्ही करायचं? मी त्यांचं काम सोपं करणार नाही."

 जाताना त्यांतल्या आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती तेव्हाही रडली नाही. दार लावून आली आणि कणीक इतक्या जोरात तिंबली की ओटा हलत होता.

आणि अशात गोगटे काकांनी जाहीर केलं की ते काकूंना घेऊन रेशीम मार्गाच्या सहलीला निघालेत. यादीत ती लाल घळ होती. कार्यक्रमपत्रिकेत मी ओरुकबागचं नाव वाचलं. मी पळत मागच्या घरी गेले.

"सांगूया का काकांना? ते चौकशी करतील, विचारतील..."

"एक शब्द नाही," ती म्हणाली. "ते तिथे जाऊन माझ्या बहिणीचं नाव मोठ्याने घेतील. प्रेमाने घेतील. आणि काका परत येतील, बहीण मात्र तिथेच राहणार आहे."

काका निघायच्या आधी निरोप घ्यायला आले. "आपल्यासाठी काय आणू, मॅडम? बदाम? जर्दाळू?"

"काही नको. फोटो काढा. घरं दाखवली तर आतल्या भिंतींचे काढा. सगळ्या भिंतींचे."

"भिंतींचे? अच्छा, नक्षीकाम!" काका खूश झाले. हे काम त्यांच्याकडे देणं म्हणजे दुधात साखर होती. काकांची फोटोग्राफी म्हणजे पंचनामा. हॉटेलातला नळसुद्धा त्यांच्या कॅमेऱ्यातून सुटत नाही.

काका परत आल्यावर मी त्याच दिवशी फोटो मागायला गेले. तर काका म्हणाले, "छे! कम्युनिटी हॉल बुक केलाय. रविवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, स्लाइड शो. आधी दाखवले तर मजा काय राहिली?" मी खूप मिनतवाऱ्या केल्या, पण कारण सांगता येत नव्हतं, आणि कारणाशिवाय पुणेरी माणूस हलत नाही. आचाला सांगितलं तर ती म्हणाली, "रविवारी जाऊ. मला वाट बघता येते." त्या आठवड्यात तिने बस दोनदा चुकीच्या वळणावर नेली. प्रवाशांना म्हणाली, आज जरा गाव दाखवते.

रविवारी हॉलमध्ये बटाटेवडे, चहा, आणि मागच्या बाजूला पोरांची पळापळ. आचा पहिल्या रांगेत मधोमध बसली, डोक्यावर हिरवा डोप्पा, हात मांडीवर. मी शेजारी. काकांनी विमानतळापासून सुरुवात केली. मग हॉटेल. मग शाकाहारी जेवण कसं मिळवलं त्याची चित्तरकथा.  शेवटी पडद्यावर लाल घळ आली, आणि आचा खुर्चीत पुढे सरकली.

"हे उद्यान," काका सांगत होते, "अतिशय स्वच्छ. ह्या स्थानिक मुली. इथले लोक फार आनंदी, सदैव नाचत-गात असतात, असं गाइडने सांगितलं."

आचा डोळे बारीक करून नाचणाऱ्या मुलींचे चेहरे एकेक करून बघत होती. तिने मान हलवली. मेहरिगुल त्यांत नव्हती. पुढचा फोटो. घराचं दार. मग आतली भिंत, गालिचा, कोनाड्यात मांडलेल्या किटल्या.

"आणि ही गंमत बघा," काका म्हणाले. "ही वाळलेली भाकरी भिंतीवर टांगलेली. गाइडला काही सांगता येईना, पण मी ओळखलं. दृष्ट लागू नये म्हणून! आपण दाराला लिंबू-मिरची बांधतो ना, तसंच. बघा, संस्कृती कशी सगळीकडे एकच..."

"थांबा," आचा म्हणाली. ती उभी राहिली होती. "मोठं करा."

काकांना कळेना. मी म्हटलं, "काका, झूम करा. प्लीज."

काकांनी केलं. पडद्यावर तो नान भरून राहिला. तपकिरी, तडकलेला, मधली नक्षी अजून दिसत होती. एका बाजूने मोठा घास घेतलेला. आणि त्या घासाच्या अर्धगोलात, बरोबर मधोमध, नानचं एक बारीक टोक शिल्लक होतं. दातांच्या फटीएवढं.

आचा पडद्यापाशी गेली. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या तोंडावर आणि डोप्प्यावर पडला. तिने वळून सगळ्यांकडे बघितलं आणि दात दाखवले. हसली नाही, नुसते दाखवले.

"ही दृष्ट नाही," ती म्हणाली. "हा माझा नान आहे. हे माझं घर आहे. निघताना मी हा चावला आणि आईने टांगला. मी परत जाऊन संपवायचा आहे."

 मागची पोरंही थांबली. आमच्यातला निखिल, साधा, सरळ मुलगा, जपून म्हणाला, "आंटी, आय अ‍ॅम सो सॉरी. पण तो त्यांनी, म्हणजे म्युझियमवाल्यांनी, डिस्प्ले म्हणून तसाच ठेवला असेल ना?"

"नान ठेवला असेल," ती म्हणाली. "दोरा बघ."

आम्ही सगळ्यांनी दोरा बघितला. नान काळपट, भिंत पिवळी पडलेली, खिळा गंजलेला. आणि दोरा लालभडक. लोकरीचा, नवा कोरा.

"आईने पांढरं सूत बांधलं होतं. आई गेली. दोरा दर नवरोजला बदलायचा असतो हे तिकीट फाडणाऱ्याला कोण सांगेल? मेहरिगुल केसांत लाल लोकर बांधते. लहानपणापासून." तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला, पण तिने तो ओढून जागेवर आणला. "मेलेल्या बाईला दोरा बदलता येत नाही."

ती जागेवर येऊन बसली. तिने माझा हात घट्ट धरला. मी रडत होते. काकू रडत होत्या. गोगटे काका रिमोट हातात धरून उभे होते.

शेवटी ते म्हणाले, "ताई, मी चुकीचं सांगितलं." त्याआधी ते तिला मॅडम म्हणत.

"तुम्ही भिंत दाखवलीत," ती म्हणाली. "बाकी सगळे नाच दाखवतात."

तो दोरा मेहरिगुलनेच बांधला होता का? मला माहीत नाही. लॅबमध्ये काम केलेली बाई मी. एका नमुन्यावरून निदान करू नये हे मला कळतं. उद्यानातल्या कुणा दयाळू झाडूवालीने जुनं सूत तुटलं म्हणून हाताला लागलेली लोकर बांधली असेल. हे मी आचाला कधी म्हटलं नाही, आणि तिला ते सुचलं नसेल असंही नाही. गणिताची बाई होती ती. पण तिचं म्हणणं असं, की सिद्ध त्यांनी करायचं. तोवर मेहरिगुल आहे. नझीरचा विषय तिच्या घरात पुन्हा कुणी काढला नाही. काकांनी तो फोटो मोठा करून फ्रेम करून दिला. तेच काका त्यानंतर जिथे जिथे शो करायचे, तिथे त्या भिंतीपाशी थांबून सांगायचे, "हे आमच्या शेजारीणबाईंचं घर. नाव विचारू नका, सांगणार नाही." सांगितलं नाहीच त्यांनी. गल्लीला त्याचंच जास्त नवल.

मग मंदारची नोकरी मेलबर्नला गेली आणि आमचं वेरिबीला यायचं ठरलं. निघायच्या दिवशी दारात सामानाचा ट्रक उभा होता. आचाची ड्यूटी होती, आदल्या दिवशीच गळाभेट झाली होती. मी स्वयंपाकघरातला शेवटचा खोका चिकटवत होते तर बाहेर बसचा हॉर्न. आमच्या गल्लीत बसचा स्टॉप नाही. बाहेर येऊन बघते तर बस उभी, रिकामी, कपाळावर 'नॉट इन सर्व्हिस'. आचा फडक्यात काहीतरी घेऊन खाली उतरली.

"डेपोला निघालेय. हे वाटेवरच आहे," ती म्हणाली. वाटेवर अजिबात नव्हतं. तिने फडकं उघडलं. सकाळचा नान, अजून कोमट. "चाव."

मी चावला.

"चिमणीचा घास नको. नीट चाव. उद्या ओळखता यायला हवा."

मी तोंड भरून घास घेतला. तिने नान उन्हात धरून दातांची खूण तपासली, वहीतलं गणित तपासावं तशी, आणि मान डोलावली. "दोरा?"

सगळं बांधून झालेलं. फक्त देवांचा डबा मी ट्रकमध्ये न देता माझ्याजवळ ठेवला होता. त्यात पूजेची नाडाछडी होती, लाल-पिवळी. ती दिली. तिने भोक पाडून नान ओवला आणि चांगल्या दोन गाठी मारल्या.

"दर वर्षी नवा लागेल. पाठवायचास."

तेव्हापासून गुढीपाडव्याला मी वेरिबीहून पाकिटात घालून नाडाछडी पाठवते. आपला पाडवा आणि त्यांचा नवरोज मागेपुढेच येतात. चार-पाच दिवसांनी फोनवर एक फोटो येतो. तिच्या भिंतीवर काकांनी दिलेली फ्रेम, शेजारी माझा नान, त्याला नवा दोरा. सोबत एक शब्द नसतो.

तिला शेवटचं बघितलं ते त्या निघायच्या दिवशी. ती बसमध्ये चढली, ड्रायव्हरच्या पाठीमागे कोट अडकवायचा हूक असतो, त्याला तिने नान लावला आणि सीटवर बसली. डोप्पा सरळ केला. मंदार ट्रकवाल्याला सांगत होता, निघूया. मी म्हटलं, थांब, आधी तिला वळू दे. बस गल्लीच्या टोकाशी हळू झाली. आरशातून तिने मला बघितलं असावं, कारण खिडकीतून तिचा हात बाहेर आला, मूठ वळलेली, एकदाच वर झाली. मग बस वळली, आणि वळताना बाजूच्या काचेतून मला तो नान दिसला, दोऱ्यावर हेलकावे खाणारा, चावलेली बाजू माझ्याकडे.